हिराकोटाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

१/ पेणजवळच्या रामवाडीहून वडखळमार्गे अलिबागेस गेले की काळ्या पाषाणाचा हिराकोट दिसतो. कान्होजी आंग्रे यांनी १७२० मध्ये बांधलेला हा कोट आज कारागृह आहे. तुरुंग खासगी कंपन्यांकडे सोपवावेत, असा विचार मांडला जातो, तेव्हा याच मुलखाचा इतिहास आठवावा.

२/ १८४० मध्ये आंग्र्यांचे कोलाबा संस्थान खालसा झाले. खालसा करणारी ईस्ट इंडिया कंपनी होती. १८३३ च्या सनदी कायद्याने तिचा व्यापार संपला, तरी भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून जात राहिला. १८५८ पर्यंत मुंबई इलाख्यातील तुरुंगांवर याच कंपनीचा अंमल होता.

३/ या राजवटीत कैदी म्हणजे स्वस्त मजूर. १८१५ पासून मुंबई व बंगाल इलाख्यांतील कैदी मॉरिशसला रस्ते बांधण्यासाठी धाडले गेले. महाबळेश्वरी १८३४ मध्ये चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग उभा राहिला. तेथील रस्ते आणि भाजीचे मळे त्यांच्याच श्रमाचे.

४/ अमेरिकेत हेच सूत्र टोकाला गेले. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. परंतु घटनादुरुस्तीने शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा ठेवली. दक्षिणेतील राज्ये कैदी ठेक्याने देऊ लागली. कैदी मेला तर दुसरा मिळे. त्याला जगवण्यात ठेकेदाराचा स्वार्थ उरला नाही. अलाबामात ही प्रथा १९२८ पर्यंत चालली.

५/ आधुनिक खासगी तुरुंगात बहुधा दर कैद्यामागे दर दिवसाचे पैसे मिळतात. म्हणजे रिकामी कोठडी हा तोटा. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. येथे लांबलेली प्रत्येक तारीख ठेकेदाराची कमाई ठरेल.

६/ सरकारी तुरुंग निर्दोष नाहीत. गर्दी आणि हाल तेथेही आहेत. पण त्यांचा जाब विधानसभेत व न्यायालयात मागता येतो. २००९ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगी तुरुंगाचा कायदा रद्द केला: माणसाचे स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला देणे, हाच त्याच्या प्रतिष्ठेचा भंग.

७/ भारतीय राज्यघटनेने तुरुंग हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. हिराकोटाच्या किल्ल्या एका कंपनीकडून सुटायला १८५८ उजाडावे लागले. त्या पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या हाती देण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.