नरक्या, यू आणि कर्करोगाचे औषध

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वरापासून आंबोलीपर्यंत आणि तेथून पुढे गोवे व कारवारच्या रानांत, एक लहानखुरे झाड वाढते. ते फुलोऱ्यावर आले म्हणजे त्याच्या फुलांना अशी दुर्गंधी सुटते की, जाणाऱ्याने नाक दाबून वाट उरकावी. लोकांनी त्याला नरक्या म्हटले ते उगीच नव्हे. कानडी मुलखातही त्याचे नाव दुर्वासनेवरूनच पडले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला मॅपिया फीटिडा म्हणजे दुर्गंधी मॅपिया म्हटले होते. आज त्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना असे आहे. जॉन ग्रॅहॅम याने मुंबई इलाख्यातील वनस्पतींची सूची करावयास घेतली, पण १८३९ साली तिची छपाई चालू असतानाच तो खंडाळ्यास मरण पावला, आणि निमो नावाच्या त्याच्या मित्राने ती पुरी केली. त्या निमोचे नाव अशा रीतीने या दुर्गंधी झाडाला चिकटून राहिले. सन्मानाचे प्रकार अनेक असतात, त्यांतला हा एक.

इमारती लाकडाच्या बाजारात नरक्याला कधी मान नव्हता. असे असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीस याच झाडाच्या खोडामुळांचे तुकडे पोत्यांत भरून चोरवाटेने घाट उतरू लागले, आणि वनखात्याचे लोक साग-चंदनाबरोबर नरक्याचीही राखण करू लागले. हा पालट कशामुळे झाला हे समजावयाचे, तर सह्याद्री सोडून काही काळ अमेरिकेत जावे लागते.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या फिलाडेल्फिया येथील प्रयोगशाळेत मनरो वॉल हा रसायनज्ञ वनस्पतींचे अर्क काढीत होता. त्याला शोध हवा होता तो कॉर्टिझोन हे औषध बनविण्यास उपयोगी पडतील अशा द्रव्यांचा. कर्करोगाशी त्याचा संबंध नव्हता. परंतु राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जोनाथन हार्टवेल याने त्याच्याकडून सुमारे हजार अर्क तपासणीसाठी मागून घेतले, आणि १९५८ साली त्यांतल्या एकाने उंदरांच्या कर्करोगावर विलक्षण गुण दाखविला. तो अर्क होता कॅम्प्टोथिका नावाच्या चिनी झाडाचा. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ आनंदवृक्ष असा होतो. कॅलिफोर्नियातील चिको येथे त्याची काही झाडे लावलेली होती.

वॉल पुढे नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रायंगल इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तेथे १९६२ साली त्याला एक सहकारी मिळाला, मनसुख वाणी. खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेल्या वाणींनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट नुकतीच मिळविली होती. या दोघांची जोडी पुढे चाळीस वर्षे टिकली. त्यांच्या कामाची पद्धत सांगावयास सोपी आणि करावयास अत्यंत किचकट अशी होती. अर्काचे निरनिराळ्या द्रावकांनी दोन भाग करावयाचे. दोन्ही भाग रोगट पेशींवर वा उंदरांवर अजमावून पाहावयाचे. ज्यात गुण दिसेल तो ठेवून दुसरा टाकावयाचा. आणि मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. अशा चाळण्या करता करता शेवटी एकच शुद्ध पदार्थ हाती लागतो. १९६६ साली त्यांनी कॅम्प्टोथेसिन या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली.

याच सुमारास दुसरे एक झाड त्यांच्या दारी येऊन पोहोचले होते. १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्क्ले हा वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंशो अरण्यात हिंडत होता. कर्करोग संस्थेसाठी मिळेल त्या वनस्पतीचे नमुने गोळा करणे हे त्याचे काम. त्या नमुन्यांत पॅसिफिक यू या वृक्षाची डहाळी व साल होती. यूच्या विषारीपणाची कीर्ती युरोपात फार जुनी आहे; गॉलच्या मोहिमेच्या वृत्तांतात सीझरने कॅटुवोल्कस नावाच्या राजाने यूचे विष घेऊन प्राण दिल्याचे नमूद केले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाकूडतोड्यांना मात्र या झाडाचे विषही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोठ्या देवदारांच्या सावलीत सावकाश वाढणारे हे वाकडेतिकडे झाड त्यांच्या लेखी केरकचरा होते. तोड झाली की इतर पालापाचोळ्याबरोबर तेही जाळून टाकीत.

१९६४ साली यूचे नमुने वॉलच्या प्रयोगशाळेत आले. बारा किलो वाळलेल्या सालीलाकडातून शेवटी जे शुद्ध द्रव्य निघाले त्याचे वजन भरले अर्धा ग्रॅम. त्याला टॅक्सॉल हे नाव देण्यात आले. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा होता की, त्याचे दोन तुकडे करून क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्येकाची रचना ठरवावी लागली. वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७१ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर काही वर्षे या शोधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि लक्ष न देणाऱ्यांना अगदीच दोष देता येत नाही. जे द्रव्य बारा किलोत अर्धा ग्रॅम मिळते, पाण्यात विरघळत नाही आणि ज्याची कारखान्यात निर्मिती करण्याची वाट दिसत नाही, त्यावर पैसा कोण घालणार?

दोन्ही द्रव्यांचे दैव या काळात सारखेच खडतर होते. कॅम्प्टोथेसिनही पाण्यात विरघळत नसे. म्हणून त्याच्या रेणूतील एक कडे उघडून त्याचा क्षार बनविण्यात आला आणि तो रोग्यांना टोचण्यात आला. कडे उघडल्याने औषधाची शक्ती गेली, आणि मूत्राशयात पोहोचल्यावर आम्लतेमुळे ते कडे पुन्हा मिटू लागले. परिणामी गुण थोडा आणि मूत्राशयातून रक्तस्राव मात्र भयंकर. १९७२ च्या सुमारास ते प्रयोग थांबविण्यात आले.

टॅक्सॉलची पुन्हा आठवण झाली ती १९७९ साली. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात सुझन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य पेशीत नेमके काय करते ते दाखवून दिले. पेशी दुभंगण्याच्या वेळी तिच्यात सूक्ष्म नळ्यांचा एक मांडव उभा राहतो; त्याच्या आधाराने गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात; आणि कार्य आटोपले की मांडव मोडला जातो. सदाफुलीतून निघणारे विंब्लास्टिन किंवा कळलावीतही असणारे कॉल्चिसिन हा मांडव उभाच राहू देत नाहीत. टॅक्सॉलची तऱ्हा उलटी निघाली. ते मांडव घालू देते, किंबहुना घाईने घालावयास लावते, पण मोडू देत नाही. उभ्या मांडवात अडकून पडलेली पेशी अखेर मरते. असे काम करणारे द्रव्य त्यापूर्वी कोणाच्या पाहण्यात नव्हते. १९८४ पासून रोग्यांवर प्रयोग सुरू झाले, आणि १९८९ साली जॉन्स हॉप्किन्स येथील डॉक्टरांनी जाहीर केले की, इतर औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगात सुमारे तीस टक्के स्त्रियांच्या गाठी टॅक्सॉलने आकसल्या.

येथून खरा पेच सुरू झाला. शंभर वर्षे वाढलेल्या एका यूची साल जेमतेम तीन किलो निघते आणि तीत औषध असते एका वेळच्या मात्रेपुरते. एका रोग्याला पुऱ्या उपचारासाठी अनेक झाडे लागत. साल काढलेले झाड वाचत नाही. ज्या जुन्या अरण्यांत हा वृक्ष होता त्याच अरण्यांत ठिपक्यांचे घुबड राहत होते, आणि १९९० साली त्याला संकटग्रस्त पक्षी म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले होते. एका बाजूस मरणाच्या दारातील स्त्रिया व त्यांचे आप्त, दुसऱ्या बाजूस अरण्याचे पाठीराखे, असा देखावा अमेरिकेतील वृत्तपत्रांनी रंगविला. वस्तुतः यूवर कुऱ्हाड पडत होती ती बहुतेक इमारती लाकडासाठी चाललेल्या सरसकट तोडीमुळे. औषधासाठी तोड सुरू झाली ती त्यानंतर. तथापि लाखो पौंड साल सोलली गेली हेही खरेच. १९९२ साली यू वृक्षासाठी अमेरिकेस खास कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात औषधाला सरकारी मान्यता मिळाली.

सुटकेची वाट फ्रान्समध्ये सापडली होती. पॅरिसजवळच्या गिफ-सुर-इव्हेत येथे पिएर पॉतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय यूची साल सोडून पाने तपासली. पानांत टॅक्सॉल नव्हे, पण त्याच्या रेणूचा मोठा गाभा तयार स्थितीत मिळाला, आणि तोही किलोमागे सुमारे एक ग्रॅम. त्या गाभ्याला एक बाजूची साखळी जोडली की टॅक्सॉल तयार. युरोपात बागांच्या कुंपणाला यू लावण्याची चाल जुनी असून त्याची छाटणी दरवर्षी करावीच लागते. पाने पुन्हा येतात. साल येत नाही. रॉबर्ट होल्टन याने फ्लोरिडा येथे ही जोडणी कारखान्यास परवडेल अशी सुधारली, आणि १९९४ च्या अखेरीपासून सालीची गरज उरली नाही. त्याच वर्षी होल्टन आणि निकोलाऊ यांच्या तुकड्यांनी टॅक्सॉल पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवूनही दाखविले. कौशल्य म्हणून ते थोर असले तरी त्यातील पायऱ्या इतक्या आहेत की रोग्याला त्याचा उपयोग नाही. पुढे यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढण्याची रीतही निघाली.

हा उपाय सर्वत्र वेळेवर पोहोचला असे मात्र नाही. हिमालयातील यूला, ज्याला तिकडे थुनेर म्हणतात, याच मागणीची झळ लागली. १९९५ साली त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित झाला, तोवर बरीच झाडे गेली होती.

औषध मिळाले तरी ते रोग्याच्या शिरेत घालावयाचे कसे, हा प्रश्न उरतच होता. पाण्यात न विरघळणारे टॅक्सॉल मद्यार्क आणि एरंडेलापासून बनविलेल्या एका द्रव्यात मिसळून देत असत. हे एरंडेली द्रव्यच कित्येकांना बाधे. अंगावर गांधी उठत, श्वास कोंडे, म्हणून आधी दुसरी औषधे टोचून ठेवावी लागत. शिवाय ते सलाइनच्या नेहमीच्या प्लॅस्टिक पिशवीतले मऊपणा देणारे द्रव्य ओढून घेई, त्यामुळे काचेची बाटली वापरावी लागे. हा पेच वनस्पतिशास्त्राचा वा वैद्यकाचा नव्हता, पदार्थविज्ञानाचा होता. त्यावर निघालेला उपाय असा की, रक्तात स्वभावतःच असणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाशी औषध जखडून त्याचे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे सूक्ष्म कण बनवावयाचे. असे औषध अमेरिकेत २००५ साली मान्य झाले आणि एरंडेल सुटले. त्याच्या आदल्या वर्षी टॅक्सॉलचा लेप दिलेली, हृदयाच्या रोहिणीत बसविण्याची तारेची जाळीही मान्य झाली होती. जाळीभोवती पेशी माजून रोहिणी पुन्हा बुजू नये म्हणून पेशींचा मांडव अडकविणारे हे औषध तेथे थोडे थोडे पाझरत राही. पुढे इतर औषधांच्या जाळ्यांनी तिला मागे टाकले.

आता पुन्हा नरक्याकडे. अमेरिकेत कॅम्प्टोथेसिनचे प्रयोग बंद पडले त्याच १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी जाहीर केले की, हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्यात आहे, आणि भरपूर आहे. त्या वेळी ही बातमी केवळ रसायनज्ञांच्या कुतूहलाची होती. १९८५ साली कॅम्प्टोथेसिनचे कार्य उलगडले. पेशीतील डी.एन.ए.च्या दोरीला नक्कल होताना पीळ पडतो. एक विकर दोरीचा एक पदर कापून पीळ सोडविते आणि पदर पुन्हा सांधते. कापल्यानंतर आणि सांधण्यापूर्वी नेमक्या त्या क्षणी हे द्रव्य त्या विकरास जखडून टाकते. रहस्य कळताच पाण्यात विरघळणारी त्याची रूपे तयार झाली: इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ साली, अमेरिकेत १९९६ साली, टोपोटेकानही १९९६ सालीच. आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर ती आजही दिली जातात, आणि त्यांचा कच्चा माल आजही मुख्यतः झाडांतूनच येतो.

येथेच दोन झाडांच्या वाटा वेगळ्या झाल्या. यूला पानांनी वाचविले. नरक्याची मुळे आणि खोड यांत द्रव्य अधिक, म्हणून तोडणारे त्याला मुळासकट उपटतात. त्याच्यासाठी कोणताही खास कायदा झाला नाही, आणि त्याच्या बाजूने बोलावयास कोणी प्रसिद्ध घुबडही नव्हते. सह्याद्रीतील त्याची संख्या झपाट्याने घटली. नरक्याच्या अंगात राहणाऱ्या एका बुरशीतही हे द्रव्य तयार होते, असे भारतीय संशोधकांनी २००५ साली दाखविले तेव्हा मोठी आशा वाटली होती. परंतु झाडापासून तोडून वाढविलेल्या अशा बुरशा पिढ्यांमागून पिढ्या जाता ती विद्या विसरतात असा अनुभव आला. यूच्या बाबतीत मात्र पुढचे पाऊल पडले आहे. २०२४ साली चिनी आणि २०२५ साली अमेरिकेतील संशोधकांनी टॅक्सॉलच्या गाभ्याची कृती लिहिलेली जनुके हुडकून ती तंबाखूच्या कुळातील एका रोपट्यात घातली. निपाणीच्या तंबाखूचे ते दूरचे भावंड. त्याच्या पानांत यूचा गाभा तयार झाला.

एक प्रश्न मात्र या सगळ्या खटाटोपात बराच काळ मागे पडला होता. जे विष प्रत्येक पेशीतील विकरास जखडते ते या झाडाच्या स्वतःच्या पेशींस का मारीत नाही? २००८ साली जपानमधील संशोधकांनी आनंदवृक्षात त्याचे उत्तर शोधले. झाडाच्या त्या विकरातील एकच कडी, सातशे बाविसाव्या क्रमांकाची, बदललेली असते, आणि त्यामुळे विष त्यास चिकटत नाही. कॅम्प्टोथेसिनला न जुमानणाऱ्या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींतही नेमकी तीच कडी तशीच बदललेली आढळली होती.