ईश्वराची ओढ (कॅथलिक धर्मशास्त्र)

ईश्वराची ओढ ही कॅथलिक ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना आहे. मनुष्याची निर्मिती ईश्वराने स्वतःसाठी केली असल्याने ईश्वराची इच्छा मानवी अंतःकरणात मुळातच असते आणि सत्य व सुख यांचा मनुष्याचा शोध ईश्वरभेटीतच पूर्ण होतो, असे ही संकल्पना सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॅथलिक चर्चची धर्मशिकवण' या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाचा आरंभ याच विषयाने होतो.

बायबलमधील आधार

जुन्या करारातील 42 व्या स्तोत्रात ईश्वरासाठी तळमळणाऱ्या भक्ताला पाण्यासाठी व्याकूळ झालेल्या हरणाची उपमा दिली आहे. नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या 17 व्या अध्यायात संत पौल अथेन्सच्या नागरिकांना सांगतो, की सर्व लोकांनी ईश्वराचा शोध घ्यावा हाच त्यांच्या निर्मितीमागील हेतू आहे आणि ईश्वर कोणापासूनही दूर नाही.

प्रमुख विचारवंत

निसाचे संत ग्रेगरी (चौथे शतक) यांच्या मते ईश्वर अनंत असल्याने त्याची ओढ कधीच संपत नाही. प्रत्येक प्राप्तीतून अधिक मोठी इच्छा जन्मते.

संत ऑगस्टिन (354–430) यांनी 'कन्फेशन्स' या आत्मकथनात या विचाराला अनुभवाचा आधार दिला. कीर्ती, विद्या व देहसुख यांच्या मागे घालवलेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना, आपली अस्वस्थता हा वास्तविक ईश्वराचाच शोध होता, असा निष्कर्ष ते काढतात. त्यांच्या मते या शोधाची सुरुवातही मनुष्य करत नाही. ईश्वरच त्याला आपल्याकडे ओढतो.

संत थॉमस अ‍ॅक्विनास (सु. 1225–1274) यांनी त्याची तर्कशुद्ध मांडणी केली. कार्य दिसले की बुद्धीला त्याचे कारण जाणण्याची इच्छा होते. म्हणून विश्वाचे आदिकारण असलेल्या ईश्वराचे स्वरूप पाहिल्याशिवाय बुद्धीचे पूर्ण समाधान होत नाही. मात्र हे दर्शन मनुष्याच्या स्वतःच्या सामर्थ्यापलीकडचे असून ते केवळ ईश्वरी कृपेनेच लाभते.

निसर्ग आणि कृपा यांविषयीचा वाद

अ‍ॅक्विनास यांच्या मांडणीतून एक अवघड प्रश्न उभा राहिला. ही ओढ निसर्गतःच असेल, तर ती पूर्ण करणे ईश्वराला बंधनकारक ठरते. आणि बंधनकारक असलेले दान कृपा कसे म्हणावे? यावर उपाय म्हणून कॅजेटन (1469–1534) व त्यांच्यानंतरच्या अनेक भाष्यकारांनी मनुष्याचे नैसर्गिक साध्य आणि अलौकिक साध्य वेगळे मानले.

फ्रेंच जेझुइट आंरी द ल्युबाक (1896–1991) यांनी 1946 मधील 'सुरनातुरेल' या ग्रंथात या विभागणीला आव्हान दिले. अशा विभागणीमुळे ईश्वर मानवी जीवनाला बाहेरून जोडलेली गोष्ट ठरतो, असा त्यांचा आक्षेप होता. पोप पायस बारावे यांनी 1950 च्या 'हुमानी जेनेरिस' या परिपत्रकात, कोणाचेही नाव न घेता, कृपेचे निर्हेतुक स्वरूप नाकारणाऱ्या मतांविरुद्ध इशारा दिला. त्याच वर्षी द ल्युबाक यांना अध्यापनापासून दूर करण्यात आले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (1962–1965) त्यांनी तज्ज्ञ म्हणून काम केले आणि 1983 मध्ये ते कार्डिनल झाले.

ओढीचा विसर आणि नकार

ही ओढ विसरली जाऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते, हे चर्चला मान्य आहे. जगातील दुःख व अन्याय यांविषयीचा संताप, अज्ञान, उदासीनता, ऐहिक चिंता आणि खुद्द श्रद्धावंतांचे वाईट वर्तन ही त्यामागील काही कारणे धर्मशिकवणीत नमूद आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'गाउदियुम एत स्पेस' (1965) या दस्तऐवजानेही निरीश्वरवाद वाढण्यात श्रद्धावंतांचा वाटा असू शकतो, असे मान्य केले आहे.

टीका

जर्मन तत्त्वज्ञ लुडविग फॉयरबाख (1804–1872) यांच्या मते ईश्वर म्हणजे मनुष्याने स्वतःच्याच गुणांचे बाहेर केलेले प्रक्षेपण होय. सिग्मंड फ्रॉइड (1856–1939) यांनी धार्मिक श्रद्धेला इच्छापूर्तीचा भ्रम म्हटले. इच्छा असल्याने तिचा विषय अस्तित्वात असतोच असे नाही, हा या टीकेचा गाभा आहे. त्यावर, इच्छा असल्याने तिचा विषय खोटाही ठरत नाही, असे उत्तर दिले जाते. कॅथलिक परंपरेत ही ओढ एकटीच पुरेशी मानली जात नाही. तिच्या जोडीला सृष्टी व विवेकबुद्धी यांवरून ईश्वराकडे नेणारे मार्ग आणि ईश्वराचे स्वतःचे प्रकटीकरण यांचा विचार केला जातो.

मराठीतील संदर्भ

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (1549–1619) यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा असून दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र आहे.