मुंबई इलाख्यांतील शास्त्राध्यापकांची पहिली पिढी

पाश्चात्य गणित व पदार्थविज्ञान आपल्याकडे छापील ग्रंथांच्या द्वारें आलें, असा सामान्य समज आहे. परंतु ते ग्रंथ शिकविणारा एतद्देशीय अध्यापक कसा तयार झाला व अधिकाराची जागा त्यास केव्हां मिळाली, हा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा होय. त्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

इ. स. १८२७ त एल्फिन्स्टन स्वदेशीं परतले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीवर पुढें मुंबईंत उच्च शिक्षणाचे वर्ग निघाले. इ. स. १८३५ त ऑर्लेबार व हार्कनेस हे प्रोफेसर विलायतेहून आले. ऑर्लेबार यांच्या हाताखालीं बाळशास्त्री जांभेकर (१८१२-१८४६) गणित शिकवीत. 'दर्पण'कार, इ. स. १८४५ त ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढणारे व कोंकणांतील प्राचीन लेख वाचणारे म्हणून बाळशास्त्री आपणांस परिचित आहेत. पण शून्यलब्धीच्या गणितावर मराठींत ग्रंथ रचणारेहि तेच. इ. स. १८४५ त निघालेल्या अध्यापकवर्गाचे चालकत्व त्यांजकडे आलें. इतकें असूनहि कॉलेजांतील त्यांचा हुद्दा साहाय्यकाचाच होता.

पुढील पिढींत ही मर्यादा ओलांडली गेली. दादाभाई नौरोजी त्याच संस्थेंत विद्यार्थी, मग साहाय्यक, व इ. स. १८५० नंतरच्या पांच वर्षांत गणित व पदार्थविज्ञान यांचे प्रोफेसर झाले. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४) कुलाब्याच्या वेधशाळेंत ऑर्लेबार यांच्याजवळ वेध घेण्यास शिकले. विद्यापीठाची पदवी नसतां ते पुण्यास गणिताचे अध्यापक झाले. 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा त्यांचा ग्रंथ इ. स. १८६० चा. टिळक त्यांचे शिष्य. यावरून दिसतें कीं, अध्यापक घडला तो पदवीनें नव्हे, तर जाणत्याच्या शेजारीं प्रत्यक्ष काम करून.

मात्र या शेजाराचा लाभ कोणास झाला, हेंहि पाहिलें पाहिजे. वरील तिघे ब्राह्मण व पारशी समाजांतील होते. दादाभाई व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १८४९ त मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या; परंतु प्राथमिक शाळेपासून कॉलेजापर्यंतची वाट स्त्रियांस दीर्घकाळ बंदच राहिली. इ. स. १८५६ त धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यांत आला. ज्यास शाळेचा उंबरठाच ओलांडतां आला नाहीं, तो वेधशाळेंत साहाय्यक कसा होणार? गुणी अध्यापकांची उणीव दाराशींच निर्माण होत होती.

म्हणून त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या वह्या, हजेरीपटें व नेमणुकीचे कागद ज्या संग्राहकांजवळ असतील, त्यांनीं ते सनदा व महजर यांच्याच तोडीचे मानून जतन करावे. विद्या कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली व कोठें अडली, याचा पुरावा त्यांतच आहे.