अब्बांच्या पायऱ्या

१५ सप्टेंबर २०२३ या दिवशी बेस्टची जुनी डिझेलवरची डबलडेकर मुंबईत शेवटची धावली. ती धावली आमच्या अंधेरीत, आगरकर चौकातून सीप्झकडे. १९३७ साली या शहरात आलेल्या दुमजली गाडीला निरोप द्यायला माणसं जमली होती. मीही त्या गर्दीत होतो. मागच्या जिन्याने वर गेलो, पुढच्या खिडकीपाशी उभा राहिलो आणि सवयीने छातीवर हात ठेवला. धाप लागली नव्हती.

माझे अब्बा बेस्टमध्ये कंडक्टर होते, कितीतरी वर्षं डबलडेकरवर. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा आणि बोटांत पंच. त्या पंचाची टिकटिक करायची सवय घरी आल्यावरही त्यांच्या बोटांतून जात नसे. रात्री अम्मी घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून पुढे ठेवी आणि अब्बा त्यात पाय बुडवून बसत. त्यांची एकच इच्छा होती, पोराने बसून करायची नोकरी करावी. ती मी पुरी केली. बी.ए. झालो, कचेरीत लागलो, पंचवीसेक वर्षं खुर्चीवर बसलो आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या, त्याही बसूनच. अब्बा ऐंशी पार करून गेले. मला मात्र २०१९ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्यामुळे अँजिओप्लास्टी करून घ्यावी लागली.

इस्पितळातून घरी आल्यावर वाचायला वेळच वेळ होता. तेव्हा जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांची हकिकत वाचनात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये हृदयविकाराने माणसं पटापट जाऊ लागली होती आणि त्याचं कारण कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे एकतीस हजार कामगारांच्या नोंदी तपासल्या. एकाच बसवर, एकाच धुरात, सारख्याच वस्त्यांतून आलेली दोन माणसं : एक दिवसभर बसून गाडी हाकणारा ड्रायव्हर, दुसरा दुमजली बसमध्ये दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढउतार करणारा कंडक्टर. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होत होता. टपाल खात्यातही तेच दिसलं. वणवण करणारे पोस्टमन बऱ्या स्थितीत, टेबलामागचे कारकून धोक्यात. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापंसुद्धा तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरेचा घेर जास्त निघाला! हे डॉक्टर स्वतः धावायला जात. २००९ साली ते गेले, तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचे होते.

ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि घमेल्यात बुडवलेले अब्बांचे पाय आठवले. आपल्याकडे डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत. त्यामुळे अब्बांच्या पायऱ्या लंडनच्या कंडक्टरपेक्षा कमीच भरल्या असतील. पण आठ-आठ तास उभं राहणं, गर्दीतून वाट काढत पुढे-मागे जाणं काही सुटलं नव्हतं. ज्या कष्टातून त्यांना माझी सुटका करायची होती, त्याच कष्टाने त्यांचं हृदय सांभाळलं असावं. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं. अब्बांच्या पिढीतले कितीतरी लोक त्याच कष्टांनी झिजून लवकर गेले, तेही विसरता येत नाही. तरी एक गोष्ट खरी. आमच्या घरातला घाम एका पिढीत आटला आणि तो भरून काढायची सोय आम्ही केली नव्हती.

पोटासाठी चालणारी-धावणारी माणसं आणि हौसेने धावणारी माणसं, या दोघांची गाठ महाराष्ट्रात पूर्वी एकदा पडलेली आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारे बरेचसे शेतकरी घरांतले, अनवाणी. आधुनिक तालमीचा त्यांना गंध नव्हता, तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते हे पाहून दोराबजी थक्क झाले. ही आठवण त्यांनी १९२९ साली एका पत्रात लिहून ठेवली आहे. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर धावलेल्या सदाशिव दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पदक कुणालाच मिळालं नाही. पण मॅरेथॉनचा आपला इतिहास जिंकण्यापासून नव्हे, तर एकाने पुरं करण्यापासून आणि दुसऱ्याने अर्ध्यावर थांबण्यापासून सुरू होतो, ही गोष्ट मला फार धीर देते.

त्यानंतर पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली आली आणि मुंबईची आताची मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाली. मुंबईच्या शर्यतीत पुढे केनिया-इथिओपियाचे वाऱ्यासारखे धावपटू असतात आणि मागे आपल्यासारखी हजारो हौशी माणसं. शर्यत दक्षिण मुंबईतली, पण तिची तयारी होते उपनगरांत. बोरिवलीचे लोक राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या रस्त्याला लागतात, काहींचा सराव पवई तलावाकाठी, आणि आम्हा मरोळकरांना १९४९ साली म्हशींसाठी वसवलेली आरे वसाहत. आता शर्यतीच्या रविवारी पहाटे रेल्वे खास लोकल सोडते. एरवी घामेजून कामावर जाणारी गाडी त्या दिवशी घाम गाळायला निघालेल्या माणसांनी भरते.

पण हृदय दुखावलेल्या माणसाने हे करावं का? टोरंटोचे डॉक्टर टेरेन्स कॅव्हॅना यांनी हा प्रश्न विचारला होता. ज्या काळात झटका आलेल्या माणसाला अंथरुणातून उठू देत नसत, त्या काळात त्यांनी आपल्या रुग्णांना आधी चालवलं, मग हळूहळू धावायला शिकवलं. १९७३ साली त्यांचे काही रुग्ण बॉस्टनची पूर्ण मॅरेथॉन धावले. अर्थात, शर्यतीत माणसं कोसळल्याच्या बातम्याही आपण वाचतो. म्हणून तपासण्या आणि डॉक्टरांची परवानगी यांना पर्याय नाही.

माझ्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण घरातून मिळेना. ‘तुम्ही धावायला जाणार आणि आम्ही मागे जीव मुठीत धरून बसायचं का?’ बायको म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिनेच ऑपरेशन थिएटरबाहेर ते दोन तास काढले होते. मुलगी मध्ये पडली. करार ठरला : धावायचं नाही, आधी वर्षभर चालायचं आणि एकट्याने जायचं नाही. बायकोला साखरेचा त्रास, म्हणजे चालायला तिलाही सांगितलेलंच होतं. ती बरोबर येऊ लागली. तेवढ्यात २०२० चा लॉकडाऊन लागला आणि आम्ही दोघं इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीभोवती, फेऱ्या मारत राहिलो. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं सलग बोललो नव्हतो.

डॉक्टरांनी एक सोपी खूण सांगितली होती. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटू लागलं की वेग कमी करायचा. मी स्वतःच्या कविता म्हणू लागलो. एका श्वासात ओळ पुरी झाली तर वेग बरोबर. बायको म्हणाली, ‘चला, तुमच्या कवितांचा काहीतरी उपयोग झाला.’ रमजानमध्ये आम्ही पहाटेचं चालणं बंद ठेवून रात्री जेवणानंतर थोडं चालायचो. मग तिचा गुडघा दुखावला आणि तीन महिने तिचं बाहेर पडणं बंद झालं. त्या दिवसांत आरेच्या रस्त्याला मी मुलीबरोबर गेलो. परत आलो की दारातच तिचा प्रश्न असे, ‘आज कुठवर?’ मी सांगितलेलं अंतर ती किराणाच्या वहीत, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवी.

करारातलं ते वर्ष संपून तीन वर्षं झाली, आणि २०२४ च्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनच्या दहा किलोमीटरच्या गटात उतरलो. थोडं धावलो, बरंच चाललो. माझ्यापुढे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, त्या मला शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. ठरल्याप्रमाणे बायको आणि मुलगी वाटेत उभ्या होत्या. बायकोने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फक्त विचारलं, ‘ओळ पुरी होते ना?’ मी म्हणालो, ‘होते.’ मग तिने हाताने पुढे जाण्याची खूण केली.

बेस्टच्या गाडीत अब्बा दोन टोले देत, तेव्हा त्याचा अर्थ ‘चला’ असा असे. मला तिच्या हातात ते टोले ऐकू आले.

घरी आल्यावर पदक सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. रात्री मी ते पुन्हा काढून बसलो होतो. बायको किराणाची वही मिटत म्हणाली, ‘अहो, उद्या पहाटे चालायला जायचंय ना? मग झोपा आता.’