दिनविशेष : घडलेले दिवस आणि ठरवलेले दिवस

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, बातम्या, आणि मध्येच कुठेतरी दिनविशेष. एक मूल पुढे येऊन वहीतल्या चार ओळी वाचते : अमक्यांचा जन्म, तमक्यांचे निधन, एखादा जागतिक दिन. उद्या दुसऱ्या चार ओळी. वर्षभरात शेकडो नावे कानांवरून जातात आणि मोजकीच उरतात. यात मुलांचा दोष नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरे पाठ केली, तर त्यांतला मोठा भाग पहिल्या दिवसातच पुसला जातो. ठरावीक अंतराने उजळणी केली तर टिकतो, असे त्याला आढळले. संदर्भाशिवाय आलेली तारीख मुलाला त्या अक्षरांसारखीच असते आणि तिची उजळणी थेट पुढच्या वर्षी होते.

म्हणून दिनविशेष शिकवताना दोन प्रश्न अनिवार्य मानावेत, असे माझे मत आहे. त्या दिवशी आपल्या गावात काय स्थिती होती? आणि हा दिवस साजरा करायचे कोणी, केव्हा ठरवले? हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव घेतले, तर या प्रश्नांचे बळ लगेच दिसते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी कुरुंदा स्वतंत्र झाले नाही. तेव्हा हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच दिवशी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादेत अटक झाली. पुढे रझाकारांचा काळ आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले (हीच ‘पोलीस ॲक्शन’) आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पुण्यातल्या आणि कुरुंद्यातल्या मुलाच्या स्वातंत्र्यात तेरा महिन्यांचे अंतर आहे. हे अंतर वर्गात दिवसांत मोजायला लावावे. १९४८ हे लीप वर्ष असल्याचे लक्षात घेतले तर उत्तर ३९९ येते, आणि ते मोजणारे मूल दोन्ही तारखा पुन्हा विसरणार नाही. पाठोपाठ ते विचारेल की त्या ३९९ दिवसांत आपल्या आजोबांच्या घरी काय चालले होते. इथे इतिहासाचा तास खरा सुरू होतो.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. १७ सप्टेंबर हा घडलेला दिवस. तो कोणी निवडला नाही. २६ जानेवारी मात्र निवडलेला आहे. १९३० साली त्या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती, म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेले संविधान दोन महिने थांबून त्याच तारखेला पूर्णपणे अमलात आणले गेले. आणि २६ नोव्हेंबर हा ‘संविधान दिन’ म्हणून जाहीर झाला तो थेट २०१५ मध्ये. घटना घडणे आणि तिचा दिवस होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरीत नेहमी कोणाचा तरी निर्णय असतो. चौथीच्या मुलाला हे नीट सांगितले तर कळते.

तिथी आणि तारीख यांचा घोळ टाळण्याऐवजी तो मुद्दाम शिकवावा. नरसीच्या संत नामदेवांची जयंती कार्तिक शुद्ध एकादशीला असते, म्हणून तारखेच्या वहीत ती दरवर्षी सरकते. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेने तो दिवस १ मार्च ठरतो. यावर मोठी माणसे वाद घालतात. मुलांना यातून कालगणना म्हणजे काय ते समजते.

सर्वांत दुबळा प्रकार जयंतीचा. जन्माच्या दिवशी कोणीही काही केलेले नसते. ३ जानेवारी १८३१ पेक्षा १० मार्च १८९७ या तारखेतून सावित्रीबाई अधिक कळतात, कारण पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या त्याच रोगाने गेल्या. विचारवंत नरहर कुरुंदकरांचेही तसेच. त्यांच्या घराण्याचे नाव याच कुरुंद्यावरून पडले. १५ जुलै १९३२ ला ते नांदापूरला जन्मले, नांदेडला आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिकवत राहिले, १० फेब्रुवारी १९८२ ला वारले. एवढे फळ्यावर लिहिले तर मुलांच्या हाती काहीच लागत नाही. रणजित देसाईंच्या शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’ कादंबरीला त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतला एखादा परिच्छेद मोठ्या वर्गात वाचून दाखवला, तर ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्या माणसाबद्दलही प्रश्न कसे विचारावेत हे दिसते. शिवाय कुरुंदकरांच्या जन्मावेळी नांदापूर परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. १ मे ला महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन करणाऱ्या इथल्या मुलांना आपल्या जिल्ह्याचाही तोच वाढदिवस असल्याचे सांगावे.

छापील दिनविशेषांत काय येत नाही, तेही महत्त्वाचे. वसमतच्या महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जींचे नाव आहे. मुले ते नाव रोज वाचतात, पण मुक्तिसंग्रामात प्राण दिलेल्या या वापटीच्या माणसाची ओळख तयार यादीत सापडत नाही. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तो इथल्या मुलांनी स्वतः अनुभवला. त्याचा दिनविशेष त्यांनीच लिहावा, आणि शेजारी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ठेवून तीव्रता व हानी यांची तुलना करावी.

म्हाताऱ्या माणसांकडे तर वेगळेच पंचांग आहे. गावोगावी कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजे टाकली. खरा जन्म विचारला तर ‘पोलीस ॲक्शनच्या साली’, ‘रझाकारीत’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ अशी उत्तरे येतात. ही उत्तरे मुलांनी जशीच्या तशी टिपावीत. मग दाखल्यावरची तारीख आणि सांगितलेले साल शेजारी मांडून कोणते अधिक भरवशाचे, याची कारणे द्यावीत. एका नोंदीला किमान दोन स्वतंत्र आधार मागावेत. एकच मिळाला तर नोंदीपुढे ‘ऐकीव’ असे लिहावे. आठवड्याला अशी एकच तारीख पुरते. सोमवारी ती मांडावी, बुधवारी तिच्यावर प्रश्न घ्यावेत, शनिवारी मुलांनी घरून आणलेली उत्तरे वाचावीत, आणि महिन्याच्या शेवटी चारही तारखा कालरेषेवर लावाव्यात.