एमआरआयची भीती आणि संमोहनाचा इतिहास

“डॉक्टर, त्या बोगद्यात मला घालू नका.” एमआरआय लिहून दिला की हे वाक्य अधूनमधून ऐकायला मिळतंच. बोलणारा माणूस भित्राच असतो असं नाही. साठ-सत्तर सेंटिमीटर रुंदीची नळी, ठकठक आवाज, अर्धा तास हलायचं नाही आणि मनात ‘रिपोर्टमध्ये काय निघेल’ ही धास्ती. छाती धडधडली तर नवल नाही. पण पेशंट हलला की चित्र पुसट येतं, आणि तो मध्येच बाहेर आला तर तपासणीच राहून जाते. गुंगीचं औषध देता येतं, पण मग श्वासावर लक्ष ठेवावं लागतं, सोबत माणूस लागतो. म्हणून काही रेडिओलॉजिस्ट एका जुन्या, बऱ्यापैकी बदनाम झालेल्या विद्येकडे पुन्हा वळले. ती म्हणजे संमोहन, आपल्याकडची ‘मोहिनीविद्या’.

या विद्येचा एक मोठा अध्याय भारतातच घडला आहे. कलकत्त्याजवळच्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाचे स्कॉटिश सर्जन होते. 4 एप्रिल 1845 रोजी त्यांच्यासमोर एक कैदी होता, दोन्ही बाजूंना हायड्रोसील झालेला. एका बाजूच्या उपचारानंतर तो वेदनेने तळमळत होता. एस्डेल यांनी मेस्मेरिझमबद्दल फक्त वाचलं होतं, प्रयोग कधी पाहिलाही नव्हता. तरी त्यांनी त्याच्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली, साधारण आपण दृष्ट काढताना फिरवतो तसे. बऱ्याच वेळाने तो कैदी असा निपचित पडला की टोचलेलं त्याला कळेना.

पुढच्या काही महिन्यांत एस्डेल यांनी अशा सत्तरहून अधिक वेदनारहित शस्त्रक्रियांची नोंद केली. त्यांत हत्तीरोगामुळे वाढलेल्या प्रचंड गाठीही होत्या. बंगाल सरकारने समिती नेमली आणि नोव्हेंबर 1846 मध्ये कलकत्त्यात त्यांना एक छोटं रुग्णालय प्रयोगासाठी दिलं. पण नशीब पाहा! त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, 16 ऑक्टोबर 1846 ला, बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी दिलेल्या ईथरच्या गुंगीत शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली होती. अंधाऱ्या खोलीत मदतनीसांनी तासन्‌तास हात फिरवायचे, आणि तरी पेशंट झोपेल की नाही याची खात्री नाही. ईथरचं काम काही मिनिटांचं. सर्जन मंडळींनी काय निवडलं असेल ते सांगायला नको.

हात फिरवण्याने कुठलीही अदृश्य शक्ती वाहत नाही, हे मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स ब्रेड त्याच काळात सांगत होते. एकाग्र नजर आणि एकाग्र मन पुरेसं आहे, असं त्यांचं म्हणणं. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ झाला तो त्यांच्या 1843 च्या पुस्तकामुळे. हिप्नॉस म्हणजे ग्रीकमध्ये झोप. पुढे त्यांनाच तो शब्द खटकू लागला, कारण ही झोप नव्हेच. माणूस जागा असतो, ऐकत असतो. पण शब्द चिकटला तो चिकटलाच, आणि गैरसमजही.

स्कॅनिंगची यंत्रं आली तेव्हा नेमका असाच पेशंट हवा होता: जागा, पण शांत आणि स्थिर. 3 जुलै 1977 रोजी न्यूयॉर्कमध्ये रेमंड डेमेडियन यांच्या यंत्रात माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय स्कॅन झाला. आधी ते स्वतः आत बसले होते, पण चित्र उमटलं नाही. त्यांचं शरीर त्या यंत्रासाठी जाडजूड ठरलं, असं म्हणतात. मग त्यांचे सडपातळ सहकारी लॅरी मिंकॉफ बसले, जवळजवळ पाच तास! आपला अर्धा तास त्यामानाने बराच बरा.

आता एल्विरा लँग या रेडिओलॉजिस्ट बाईंकडे येऊ. बोस्टनच्या या डॉक्टरांनी 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये 241 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण एमआरआयचे नव्हते. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत रक्तवाहिनीत किंवा मूत्रपिंडात नळी घालण्याचे उपचार त्यांच्यावर जागेपणी चालले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले: एकाला नेहमीची सेवा, दुसऱ्याला आपुलकीने लक्ष देणारी व्यक्ती, तिसऱ्याला त्याच्या जोडीला स्वसंमोहनाच्या सूचना. पहिल्या दोन गटांत वेळ जाईल तशी वेदना वाढत गेली. संमोहनाच्या गटात ती वाढली नाही. औषध पहिल्या गटाच्या निम्म्याहून कमी लागलं आणि सरासरी वेळ 78 मिनिटांवरून 61 मिनिटांवर आली. 2006 मध्ये स्तनाच्या बायॉप्सीसाठी आलेल्या 236 स्त्रियांमध्येही असाच फरक दिसला: नेहमीच्या सेवेत चिंता वाढली, नुसत्या सहानुभूतीने जैसे थे राहिली, संमोहनाने उतरली. पुढे लँग यांनी ही पद्धत एमआरआय विभागातल्या कर्मचाऱ्यांनाही शिकवली.

मला स्वतःला त्यांचा 2005 चा अभ्यास सर्वांत बोचला. उपचारांच्या चित्रफिती तपासल्यावर आढळलं, की ‘आता टोचेल हं, थोडं दुखेल’ असं प्रेमाने सांगितल्यावर वेदना आणि चिंता कमी न होता वाढत होती. मी वर्षानुवर्षं इंजेक्शन देताना हेच म्हणत आलो. आता फक्त ‘सुरू करतोय’ एवढंच म्हणतो.

पद्धत अगदी साधी आहे. नजर वर न्यायची, डोळे मिटायचे, खोल श्वास घ्यायचा, सोडताना अंग पाण्यावर तरंगतंय असं मनात आणायचं. मग आपल्या आवडीच्या जागी जायचं. ती जागा पेशंटनेच निवडायची; कुणाला कोकणातला समुद्र बरा वाटेल, कुणाला आजीचं अंगण. यंत्राचा आवाज आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, तो त्या चित्रात मिसळू द्यायचा. सगळ्यांनाच सारखं जमतं असं नाही, आणि भ्रम किंवा भास होणारा मानसिक आजार असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.

तुमची तपासणी ठरली असेल तर भीती वाटते हे तंत्रज्ञाला आधीच सांगा. हातात दाबायचा रबरी फुगा देतात, तो मागून घ्या. आणि आदल्या रात्री अंथरुणावर पडून दहा मिनिटं हा सराव करून पाहा.