समेट (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

पापामुळे देव आणि मानव यांचे तुटलेले नाते येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने पुन्हा जुळले, या श्रद्धेचे नाव. संत पौलाच्या पत्रांतील ‘कताल्लागे’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलात ‘समेट’ हा शब्द आहे. ग्रीक शब्दाचे मूळ देवघेवीत, नाणी बदलून घेण्यात. मराठी शब्द बांधावरून भांडलेल्या भाऊबंदांचा. शब्द चपखल आहे, पण एके ठिकाणी चकवतो. गावकीच्या समेटात दोन्ही पक्ष थोडे थोडे मागे सरतात. पौलाच्या लेखी मात्र (रोमकरांस पत्र, अध्याय ५) पाऊल उचलतो तो देव, तेही माणूस अजून वैरी असताना. प्रायश्चित्त माणूस घेतो. हा समेट मात्र त्याने फक्त स्वीकारायचा असतो. साऱ्या शिकवणीचे मर्म इथेच आहे.

मरणाने समेट कसा होतो, याची उत्तरे अनेक: प्रारंभीच्या आचार्यांची खंडणी भरून सोडवणूक, अँसेल्मची (सु. १०९८) देवाच्या मानभंगाची भरपाई, सोळाव्या शतकातील सुधारकांची आपल्या जागी भोगलेली शिक्षा.

आदमाच्या पतनापासून ख्रिस्तापर्यंतची कथा फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी मराठी ओवीत आणली. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा देवाशी जुळलेल्या या नात्यापायी घर तुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ या अंगाने वाचावे.

कॅथलिक पंथात बाप्तिस्म्यानंतरच्या पापांनंतर देवाशी पुन्हा समेट व्हावा म्हणून पापनिवेदनाचा संस्कार आहे. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च असो की वसईतले एखादे, रीत एकच. लाकडी जाळीपाशी गुडघे टेकायचे, मागच्या पापनिवेदनाला किती दिवस झाले ते सांगायचे, मग हलक्या आवाजात एकेक पाप. जाळीपलीकडे फादर कान देऊन बसलेले असतात. शेवटी ते हात उंचावून क्षमावचन उच्चारतात. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, हा दंडक १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. जाळीपाशी ऐकलेले पाप धर्मगुरूने कोणालाही, न्यायालयातही, सांगायचे नसते.